प्लेटलेट ४२ हजार की १ लाख ४० हजार? एकच माणूस, एकच दिवस, दोन लॅब

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

वडील ६६ वर्षांचे. मंगळवारपासून ताप आणि अंगदुखी. आज सकाळी डॉक्टरांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि डेंग्यूची तपासणी सांगितली. डेंग्यू निगेटिव्ह, पण प्लेटलेट ४२,०००. घरात एकदम धावपळ. आत्या पपईची पानं घेऊन हजर, फ्रिज उघडला की किवी. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅडमिट करून ठेवू, उद्या परत काउंट बघू.

बाबा मात्र पलंगावर बसून पेपर वाचत होते. ना कुठे लाल ठिपके, ना हिरड्यांतून रक्त. म्हणून संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये परत रक्त दिलं. तिथे आले १,४०,०००, आणि खाली पेनाने लिहिलंय, "स्लाइडवर तपासले".

पहिल्या लॅबला फोन केला. "साहेब, आमचं मशीन आहे, हातानं काही नसतं, चूक होणार नाही." दुसऱ्या लॅबवाले म्हणाले, "आम्ही डोळ्यांनी बघितलंय, मशीनवर जाऊ नका."

विश्वास कोणावर ठेवायचा? आणि २०० रुपयांच्या तपासणीत एवढा फरक पडतोच कसा?

टोमणेबहाद्दर | रात्री ९:५२

दोन्हींची सरासरी काढा, ९१ हजार. मिटला प्रश्न. 😀

पावसाळ्यात गल्लीबोळात लॅब उघडतात, त्यातलीच ही. रक्त सिंकमध्ये आणि रिपोर्ट प्रिंटरमध्ये.

स्लाइडवाली | रात्री १०:१५

दादा, आधी एक सांगा. पहिल्या रिपोर्टच्या तळाशी किंवा प्लेटलेटच्या आकड्याशेजारी काही चिन्ह आहे का? चांदणी, "आर", किंवा इंग्रजीत "क्लम्प्स" असं काही? आणि त्याच रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशी किती आहेत?

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, या धंद्यात २७ वर्षं. घाबरू नका, पण डॉक्टरांनी अ‍ॅडमिट व्हायला सांगितलं असेल तर इथल्या चर्चेवर विसंबून घरी थांबूही नका.

कृष्णाकाठ | रात्री १०:३१

ताई, आहे! ४२ च्या पुढे चांदणी आहे आणि अगदी बारीक अक्षरात "पीएलटी क्लम्प?" छापलंय. आम्ही कोणी वाचलंच नव्हतं, डॉक्टरांनीही नाही. पांढऱ्या पेशी ११,८००. दुसऱ्या रिपोर्टमध्ये ९,१००.

स्लाइडवाली | रात्री ११:०५

वाटलंच होतं. म्हणजे मशीन खोटं बोललेलं नाही. "मला नीट दिसत नाहीये, कोणीतरी स्लाइड बघा" असं ते सांगत होतं, आणि तो निरोप न वाचता कोणीतरी प्रिंट काढून दिली.

बाबांच्या प्लेटलेट बहुधा ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटून गोळे झाले असणार. पण एक कटू गोष्ट दुसऱ्या लॅबबद्दलही. स्लाइड बघून प्लेटलेटचा अंदाज काढतात तो असा: मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली दहाएक फील्डमधल्या (फील्ड म्हणजे एका वेळी दिसणारा गोल भाग) प्लेटलेट मोजायच्या, सरासरीला साधारण १५,००० नी गुणायचं. ९ दिसल्या तर १ लाख ३५ हजार. पण गोळे असतील तर एका फील्डमध्ये ४० आणि पुढच्या चारांत शून्य. त्या स्लाइडवरून "प्लेटलेट पुरेशा आहेत, गोळे दिसतात" एवढंच छातीठोक म्हणता येतं. "१,४०,०००" हा आकडा मी तरी लिहिला नसता.

उद्या सकाळी डॉक्टरांना विचारून एक करा. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, म्हणजे सायट्रेटमध्ये, रक्त घ्यायला सांगा आणि घेतल्या घेतल्या मशीनवर लावायला सांगा. येईल त्या आकड्याला १.१ नी गुणायचं, कारण त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग रक्त गोठू न देणारं पातळ औषध आधीच असतं. आणि सुई काढायच्या आधी थेट एक स्लाइड.

अणुरेणू | रात्री ११:४०

मी ही मशीन दुरुस्त करतो (कंपनी सांगत नाही, नोकरी प्यारी आहे). आत काय होतं ते सांगतो, म्हणजे ४२ हजार कुठून आले ते कळेल.

मूळ कल्पना अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांची, १९४० च्या दशकातली. पेटंट १९५३ साली मिळालं. मिठाच्या पाण्यात रक्त पातळ करायचं, मध्ये एक बारीक भोक ठेवायचं, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड. पाण्यातून वीज वाहते, पेशीतून जवळजवळ नाही. म्हणून भोकातून पेशी गेली की विजेला क्षणभर अडथळा होतो आणि पडद्यावर एक टोक उमटतं. जितकी टोकं तितक्या पेशी, आणि टोक जितकं उंच तितकी पेशी मोठी. सुरुवातीचं भोक त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडलं होतं म्हणतात. आजही आमच्या बहुतेक मशीनमध्ये तेच तत्त्व आहे, फक्त भोक माणकाच्या खड्यात असतं. पांढऱ्या पेशी पाच प्रकारांत वेगळ्या करणाऱ्या, म्हणजे पाच-भागी मशीनमध्ये सोबत लेझर येतो.

आता गंमत बघा. प्लेटलेट आणि तांबड्या पेशी मशीन एकाच कुंडीत मोजतं. त्यांच्यातला फरक त्याला फक्त आकारावरून कळतो. साधारण २ ते २० फेम्टोलिटरपर्यंत (पेशीचं आकारमान मोजायचं एकक) प्लेटलेट, त्याच्या बऱ्याच वर तांबडी पेशी. दहा प्लेटलेटचा गोळा भोकातून गेला तर मशीनच्या लेखी ती प्लेटलेट नाहीच. दहा गेल्या, शून्य मोजल्या. गोळा आणखी मोठा असेल तर पांढऱ्या पेशींच्या कुंडीत तो पांढरी पेशी म्हणून धरला जातो. ताईंनी पांढऱ्या पेशी विचारल्या त्या उगाच नाही. ११,८०० आणि ९,१०० मधला काही फरक तिथला असू शकतो.

टोमणेबहाद्दर | रात्री ११:५८

म्हणजे लाखो रुपयांचं मशीन आणि त्याला प्लेटलेट ओळखता येत नाही. मग जुनंच बरं होतं की. हाताने मोजायचे तेव्हा असले घोळ नव्हते.

स्लाइडवाली | रविवार, सकाळी ६:५०

हाताने मोजायचे तेव्हा घोळ दिसत नव्हते, बहाद्दर. मी मोजलंय हाताने, म्हणून सांगते.

१९९० च्या दशकात सांगलीकडे एका छोट्या लॅबमध्ये लागले. मशीन नव्हतं. पांढऱ्या पेशींची पिपेट वेगळी, तिच्या फुग्यात पांढरा मणी. तांबड्यांची वेगळी, तिच्यात लाल मणी. पांढऱ्यांच्या पिपेटची रबरी नळी तोंडात धरून ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं (हो, तोंडाने! आज कोणी केलं तर मी हाकलून देईन), मग ११ च्या खुणेपर्यंत टर्क्स फ्लुइड. झालं एकास वीस. त्यातलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तांबड्या पेशी फोडतं आणि जांभळा रंग पांढऱ्यांची केंद्रकं दाखवतो. हलवायचं, पहिले थेंब टाकून द्यायचे, मग न्यूबॉर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या जाड काचेवर, सोडायचं. खोली बरोबर ०.१ मिलिमीटर. कव्हरस्लिप नीट बसली की कडेला इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात. नाही दिसली तर परत.

चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन मोजायचे आणि ५० नी गुणायचं. रेघेवर बसलेल्या पेशींचं काय? डावी आणि वरची रेघ घ्यायची, उजवी आणि खालची सोडायची. आमचे सर म्हणायचे, "दोन भिंती आपल्या, दोन शेजाऱ्याच्या."

प्लेटलेटचं तर विचारूच नका. अमोनियम ऑक्झलेट घालून, चेंबर ओल्या कापसासोबत वाटीखाली झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, म्हणजे त्या खाली बसतात. मग मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली करून त्या चमकणाऱ्या ठिपक्यांना शोधायचं. धुळीचा कणही चमकतो. दिवसाला तीन-चार केल्या की डोळ्यांसमोर चौकोन नाचायचे, जेवताना पोळीवरसुद्धा.

आता हिशोब करा. चार चौकोनांत १६० पेशी मिळाल्या, म्हणजे ८,०००. कितीही काळजीने मोजलं तरी निव्वळ योगायोगाने तो आकडा १६० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे बारा-तेरानं, इकडे-तिकडे होणारच. म्हणजे आठ टक्के. त्यात पिपेटची चूक, चेंबरची चूक, साडेबाराच्या भुकेची चूक. मशीन त्याच नमुन्यात हजारो पेशी काही सेकंदांत मोजतं आणि तोच नमुना परत लावला तर जवळपास तोच आकडा देतं. मोजण्यात मी मशीनशी स्पर्धा करत नाही. मी फक्त एवढंच बघते की ते जे मोजतंय ते खरंच तेच आहे का.

मोगरा_पुणे | सकाळी ८:२०

+१. मशीनची बाजू घ्यायला मीही आहे. मला दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या. हिमोग्लोबिन १०.२ च्या वर जाईना. नव्या डॉक्टरीणबाईंनी हिमोग्लोबिन बघितलंच नाही, थेट खालच्या ओळी बघितल्या. तांबड्या पेशी ५६ लाख (म्हणजे ५.६ दशलक्ष), एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ६१. म्हणाल्या, "लोह कमी असतं तर कारखान्यातून मालही कमी निघाला असता. तुझा कारखाना भरपूर माल काढतोय, फक्त छोटा." ६१ भागिले ५.६, म्हणजे साधारण ११. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष) संशय घ्यायचा, मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये दिलेलं गणित. मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) केली. निघालं तेच. लग्न ठरायच्या आत कळलं, त्यामुळे नवऱ्याचीही तपासणी करून घेतली.

डॉ_शेवंती | सकाळी ८:४५

मोगरा, तुमचं उदाहरण फार चांगलं. हाताने मोजलेल्या तांबड्या पेशींवरून एमसीव्ही काढायचे तेव्हा तो इतका डळमळीत असायचा की त्यावर भागाकार करायची हिंमत कोणी करत नसे. पेशीचा आकार थेट मोजता येणं ही मशीनची खरी देणगी. अर्थात तेराच्या खाली म्हणजे निदान नव्हे, पुढची तपासणी करायची सूचना.

आता कृष्णाकाठ यांच्यासाठी. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइडवाली म्हणतात त्याला ईडीटीएमुळे होणारी खोटी प्लेटलेट-घट म्हणतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून रक्त गोठू देत नाही. काही माणसांच्या रक्तात एक अँटिबॉडी असते. ईडीटीएच्या संपर्कात प्लेटलेटचा पृष्ठभाग थोडा बदलला की ती तिथे चिकटते आणि प्लेटलेटचे गोळे होतात. हे सगळं ट्यूबमध्ये, माणसात नाही. अंगातल्या प्लेटलेट ठणठणीत असतात. रक्तस्राव होत नाही, उपचार लागत नाहीत. हजारातल्या एखाद्याला असतं, म्हणजे वर्दळीच्या लॅबमध्ये काही दुर्मीळ नाही. नमुना जितका वेळ पडून राहील तितके गोळे वाढतात.

पण गोळे व्हायचं दुसरं, अगदी साधं कारणही असतं. शीर सापडायला वेळ लागला, सुई फिरवली, ट्यूब भरल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी केली नाही. मग तिथे बारीक गुठळी होते. म्हणून सायट्रेटच्या जोडीला नवा ईडीटीए नमुनाही घ्या.

आणि सगळ्यांसाठी: डेंग्यूत नुसत्या प्लेटलेटच्या मागे पळू नका. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्या-नाकातून रक्त, गळून जाणं, आणि रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) चढत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणं, या खुणा पाहायच्या. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे. पपईच्या रसाने यातलं काही टळत नाही.

पाटणकर_आत्या | सकाळी ९:१०

पपईने नुकसान तरी काय होतं?

डॉ_शेवंती | सकाळी ९:१४

आत्या, दवाखान्यात पोचायला उशीर होतो, ते नुकसान.

टोमणेबहाद्दर | सकाळी ९:३०

बरं, प्लेटलेटचं पटलं. आता खरं सांगा. दर रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी तीच: इओसिनोफिल २, मोनोसाइट ४, बेसोफिल ०. माझ्या दहा वर्षांच्या सगळ्या रिपोर्टमध्ये. माझं रक्त इतकं शिस्तीचं आहे?

स्लाइडवाली | सकाळी ११:२५

दुखरी नस पकडलीत. उत्तर लिहावं की नाही याचा तासभर विचार केला.

छोट्या गावांत बहुतेक तीन-भागी मशीन असतं. ते पांढऱ्या पेशी आकारावरून तीन ढिगांत टाकतं: लहान, मधल्या, मोठ्या. लहान म्हणजे लिम्फोसाइट, मोठ्या म्हणजे ग्रॅन्युलोसाइट. मधल्या ढिगात मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल सगळे मिसळलेले. मशीन प्रामाणिकपणे "मिड ६%" एवढंच छापतं. पण आपल्याकडच्या रिपोर्टच्या नमुन्यात पाच रकाने असतात, आणि डॉक्टरांना पाचही भरलेले लागतात. मग काय करायचं? स्लाइड करायची, लेशमन रंग द्यायचा, शंभर पेशी मोजायच्या. किंवा सहाचे दोन आणि चार करायचे.

मी एका लॅबमध्ये होते (नाव घेणार नाही, ती आता बंदही झाली) तिथे दुसरा मार्ग चालायचा. दिवसाला ९० सीबीसी, आम्ही दोघी. मीही केलंय.

थांबले ते एका पोरामुळे. २४-२५ वर्षांचा, सहा महिने रात्रीचा कोरडा खोकला, दम लागायचा, झोप नाही. दम्याची औषधं चालू. तीन वेळा आमच्याकडे सीबीसी, तिन्ही वेळा इओसिनोफिल दोन-तीन. चौथ्यांदा पांढऱ्या पेशी १८,००० आल्या आणि मशीनने मधल्या ढिगावर खूण केली, म्हणून मी स्लाइड केली. लेन्स लावली आणि नुसत्या केशरी दाण्यांच्या पेशी. शंभरात साठ. १८,००० चे साठ टक्के म्हणजे जवळपास ११,००० इओसिनोफिल, एरवी पाचशेच्या आत असतात. डॉक्टरांनी ट्रॉपिकल इओसिनोफिलियाचं निदान केलं. फायलेरियाच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या, जंतूला शरीर अशी प्रतिक्रिया देतं. तीन आठवडे त्यावरच्या डीईसीच्या गोळ्या घेतल्या आणि पोरगा झोपायला लागला. मिठाई घेऊन आला लॅबमध्ये. माझ्या घशाखाली उतरली नाही. आधीच्या तीन रिपोर्टवर सही जरी सरांची असली तरी "२" माझ्या बोटांनी टाइप केलेला होता.

अणुरेणू | सकाळी ११:४०

ताई, हे लिहायला धाडस लागतं. सर्व्हिसला जातो तेव्हा कित्येक ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये ती विभागणी आपोआप होईल अशी "सेटिंग" करून मागतात. मी नाही करून देत. कोणीतरी देतंच.

टोमणेबहाद्दर | दुपारी १२:०२

सलाम, ताई. (टोमणा नाही.)

वर्धेकर | दुपारी १२:३०

विदर्भातून दोन शब्द. मी निवृत्त आहे, गडचिरोलीकडे सरकारी दवाखान्यात होतो. हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत करायचो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात २० मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. सकाळच्या उन्हात एक आकडा, संध्याकाळी कंदिलाशेजारी दुसरा. आम्ही खिडकीजवळची जागा ठरवून घेतली होती.

पण आमच्याकडचा मुख्य प्रश्न सिकलसेलचा, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. मशीन आलं तेव्हा वाटलं आता काम सोपं. एका सिकलच्या पोराच्या पांढऱ्या पेशी ३२,००० आल्या, सगळे म्हणाले मोठा जंतुसंसर्ग. स्लाइडवर बघतो तर शंभर पांढऱ्या पेशींमागे साठ केंद्रकवाल्या तांबड्या पेशी. मज्जेतून घाईने बाहेर पडलेल्या कच्च्या पेशी त्या. साध्या मशीनला त्या पांढऱ्याच वाटतात, कारण तांबड्या पेशी फोडणाऱ्या लायसिंगच्या औषधाने केंद्रक फुटत नाही. ३२,००० गुणिले १०० भागिले १६०, खरा आकडा २०,०००. आणि कोयत्यासारख्या पेशी तर मशीनला दिसतच नाहीत, त्याला आकारमान कळतं, आकृती नाही.

हिवरा | दुपारी १:१५

बीएमएलटी दुसरं वर्ष. वाचनखूण साठवली. एक शंका. आम्हाला शिकवतात की हिमोग्लोबिन गुणिले तीन म्हणजे हिमॅटोक्रिट जुळायला हवं. ते मशीनच्या काळातही बघायचं का?

स्लाइडवाली | दुपारी १:४०

रोज बघायचं गं. निरोगी पेशींत जुळतं, मोगरासारख्यांत जुळणार नाही, तो वेगळा भाग. पण अचानक एमसीएचसी (तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा) ४५ आला तर समजायचं की काहीतरी विपरीत आहे, तांबड्या पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावतच नाही. एकदा जानेवारीत एका आजींच्या तांबड्या पेशी १२ लाख आणि हिमोग्लोबिन ९. रक्त गारठ्याने गोळा झालेलं, कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन, म्हणजे थंडीत तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवणारी अँटिबॉडी. मशीनने जोड्या-तिकड्या एकेक पेशी म्हणून मोजल्या. ट्यूब अर्धा तास ३७ अंशांच्या पाण्यात ठेवली, लगेच परत लावली, सगळे आकडे माणसात आले. रक्त फार चरबीयुक्त असेल तरी हिमोग्लोबिन खोटं वाढतं, प्रकाश गढूळपणातच अडतो ना.

कृष्णाकाठ | दुपारी ३:५०

अपडेट! सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी कपाळाला आठ्या आल्या, पण चांदणी आणि बारीक अक्षरं दाखवल्यावर त्यांनी स्वतः लॅबला फोन केला. जांभळी आणि निळी अशा दोन ट्यूब घेतल्या, शेजारी एक स्लाइडही.

जांभळी: लगेच लावली तेव्हा ९६,०००. तासाभराने परत लावली तर ५१,०००!
निळी: १,४६,०००. गुणिले १.१ म्हणजे १,६०,६००.

जांभळ्या ट्यूबमधल्या रक्ताच्या स्लाइडवर गोळे दिसले. मला मायक्रोस्कोपमधून दाखवले त्यांनी, जांभळ्या रांगोळीची चिमूट सांडल्यासारखे. अ‍ॅडमिट करायची गरज नाही म्हणाले, ताप साध्या व्हायरलचा वाटतोय, परवा परत दाखवायचं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून दिलं: "प्लेटलेट फक्त सायट्रेटमध्ये".

आत्या उरलेली पपईची पानं परत घेऊन गेली. किवी मी खातोय.

डॉ_शेवंती | दुपारी ४:०५

९६ चे ५१ होणं हीच त्याची सही. ते लाल पेनाचं पान जपा. पुढे कधी मोतीबिंदूचं किंवा दाताचं काही करायची वेळ आली आणि तिथे परत जांभळ्या ट्यूबमध्ये ४० हजार दिसले, तर शस्त्रक्रिया विनाकारण पुढे ढकलली जाते, किंवा नको असताना प्लेटलेट चढवल्या जातात. दोन्ही मी पाहिलंय.

टोमणेबहाद्दर | दुपारी ४:२०

माझ्या दहा वर्षांच्या "२, ४, ०" चं काय करू?

स्लाइडवाली | दुपारी ४:४५

खोकला, खाज, दम काही आहे का? नसेल तर काही करू नका. पुढच्या वेळी मात्र काउंटरवर एवढंच विचारा, "डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची विभागणी) मशीनचं की स्लाइडचं?" विचारणारा पेशंट आला की त्या दिवशी स्लाइड नक्की होते, हे आतल्या गोटातून सांगते.

कृष्णाकाठदादा, बाबांना सांगा, रक्त देताना सुई टोचायच्या आधी निळी ट्यूब मागायची. नंतर आठवलं तर परत टोचावं लागतं आणि शिव्या आम्हाला बसतात. चला, संध्याकाळची ड्यूटी आहे, मशीन तपासायचे कंट्रोल नमुने फ्रिजमधून बाहेर काढून ठेवायचेत.